नजरेचा निवाडा

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास हा एका अर्थी नजरेचा इतिहास आहे. ज्या जिनसेची किंमत तिच्या वजनावर जितकी, तितकीच तिच्या शुभ्रतेवर, स्वच्छतेवर आणि धाग्याच्या लांबीवर ठरते, त्या जिनसेच्या व्यवहारात तराजूइतकेच महत्त्व पाहणाऱ्याच्या डोळ्याला येते. आणि तराजूची खातरजमा करण्यासाठी सरकारचे वजनमापे खाते असते, तसे डोळ्याची खातरजमा करणारे खाते मात्र कोठेच नसते. डोळ्याने दिलेला निवाडा हा बहुधा अखेरचा निवाडा ठरतो. म्हणूनच डोळा, किंवा अधिक नेमके बोलायचे तर डोळ्यामागचा मेंदू, दोन वस्तू एकमेकींशी ताडून कशा पाहतो हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील विद्वानांच्या कुतूहलाचा राहत नाही. ज्याच्या वर्षभराच्या श्रमाचा मोबदला त्या एका दृष्टिक्षेपावर अवलंबून असतो, त्या शेतकऱ्याच्याही तो जिव्हाळ्याचा होतो.

अमरावतीच्या पश्चिमेस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडणाऱ्या भातकुली तालुक्याचे उदाहरण घेऊ. जमीन काळीभोर आणि खोल, परंतु भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहिरीच्या ओलिताची आशा थोडी. साहजिकच कापूस, तूर, मूग, हरभरा ही पिके पावसाच्या आणि जमिनीत मुरलेल्या ओलीच्या भरवशावर घ्यावयाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीला बोंडे फुटू लागली की बायांच्या ओट्या भरतात, घराच्या एखाद्या खोलीत ढीग साचतो आणि एके दिवशी तो गाडीत भरून बाजारात किंवा जिनिंगच्या आवारात रुजू होतो. तेथे व्यापाऱ्याचा अथवा सरकारी खरेदीचा प्रतवारी करणारा माणूस, ज्याला सगळेच ग्रेडर म्हणतात, गाडीच्या कुशीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस उपसतो, सरकीपासून तंतू सोडवून दोन्ही चिमट्यांत ताणतो, बोंडअळीने किंवा पावसाने नासलेली पिवळट कवडी किती, पाल्याचा व काडीचा कचरा किती, हे पाहतो, मूठ दाबून ओलावा अजमावतो आणि म्हणतो, "काकाजी, कवडी हाये जराशी." त्यावर काकाजी म्हणतात, "वरचा पाहून भाव नका बोलू, भाऊ, खालचाबी पाहा नं." अर्ध्या-पाऊण मिनिटात प्रत ठरते. या अल्पावधीत त्या माणसाच्या मस्तकात जे घडते, त्याचा उलगडा करण्यात विज्ञानाची गेली जवळजवळ दोनशे वर्षे खर्ची पडली आहेत, आणि त्या उलगड्याचा एक महत्त्वाचा भाग अलीकडे आपल्याच देशात झाला आहे.

प्रथम थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई. उमरावती, म्हणजे आजची अमरावती, हे त्या नावाचे मूळ. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा उमराची मागणी एकाएकी वाढली आणि मागणीबरोबर भेसळही वाढली. गाठींमध्ये सरकी, माती व हलका माल दडपण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली खास कायदा करावा लागला. पुढे १८८६ साली, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वये देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा अमलात आला. महाराष्ट्र राज्याने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तेव्हा तर ग्रेडरची नजर हीच राज्यभरच्या कापसाची सनद होऊन बसली. कायदे बदलले, खरेदीदार बदलले, मापे तोळ्यावरून किलोवर आली. परंतु मूठभर कापूस डोळ्यांसमोर धरून तो दुसऱ्या कापसाशी मनात ताडून पाहण्याची क्रिया मात्र शंभराहून अधिक वर्षे जशीच्या तशी राहिली.

या क्रियेविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते की डोळा हा छायाचित्रयंत्राप्रमाणे समोरचे दृश्य जसेच्या तसे टिपतो, मेंदू त्या दृश्यातील वस्तू ओळखतो, आणि मग इच्छा झाल्यास त्या वस्तूंची तुलना करतो. ही समजूत मुळातच सदोष आहे. तुलनेस आरंभ डोळ्यातच होतो. डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी असतात. पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेत तंतू असतात सुमारे दहा लाखच. एवढ्या मोठ्या आवकीतून एवढी छोटी जावक काढायची तर प्रत्येक बिंदूचा प्रकाश कळवून भागत नाही. कळवायचे ते फरक. १९५३ साली स्टीफन कुफ्लर यांनी मांजराच्या दृष्टिपटलावरील पेशींचा अभ्यास करून दाखवले की त्यांतील प्रत्येक पेशी आपल्या क्षेत्राच्या मध्यावर पडणारा प्रकाश आणि त्याभोवतीच्या वलयावर पडणारा प्रकाश यांचा मुकाबला करते, आणि दोहोंतील तफावत तेवढी पुढे रवाना करते. एकसारखा पांढरा पृष्ठभाग असला तर ती जवळजवळ गप्प राहते. पांढऱ्यावर पिवळट डाग आला की त्याच्या कडेवर तिचा प्रतिसाद उसळतो. मेंदूपर्यंत पोचणारे वृत्त आरंभापासूनच असे तुलनेचे असते.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत, पण तिचे परिणाम मोठे विलक्षण होतात. १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ या सुप्रसिद्ध गालिचे-कारखान्याच्या रंगविभागावर मिशेल शेवरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. तेथील काळा रंग निस्तेज उतरतो अशी तक्रार होती. शेवरल यांनी रंगाची कसून तपासणी केली, तेव्हा रंगात काहीच दोष आढळला नाही; दोष होता शेजाऱ्यात. निळ्या व जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात तोच काळा धागा फिका भासत होता. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या अनुभवातून निघालेला नियम सविस्तर मांडला आहे: शेजारशेजारच्या रंगांतील भेद डोळ्याला वास्तवापेक्षा अधिक भासतो. कापसाच्या गाडीपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा हा नियम आहे, कारण अत्यंत शुभ्र मालाच्या गाडीशेजारी उभी राहिलेली मध्यम प्रतीची गाडी तिच्या वास्तविक योग्यतेहून हलकी दिसते, आणि हलक्या मालाशेजारी तीच गाडी अव्वल भासू लागते. हाच परिणाम स्थळाप्रमाणे काळातही घडतो: लागोपाठ स्वच्छ माल पाहून झाल्यावर पुढे आलेला साधा माल अधिकच मळका वाटतो. यात ग्रेडरच्या सचोटीचा प्रश्नच येत नाही. तो प्रामाणिक असला तरी त्याचे दृष्टिपटल शेजारधर्मास बांधलेले असते.

तुलनेचा दुसरा नियमही त्याच काळातला. १८३४ साली एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दोन वस्तूंतील फरक जाणवण्यासाठी तो निरपेक्षपणे किती आहे यापेक्षा मूळ परिमाणाच्या मानाने किती आहे हे महत्त्वाचे असते. हलक्या वजनात थोडीशी भर चटकन कळते, जड वजनात तेवढीच भर जाणवतही नाही. प्रकाशाचेही बहुतांशी तेच. आपला मेंदू निरपेक्ष मोजमापाच्या बाबतीत दुबळा आणि प्रमाणाच्या बाबतीत तरबेज आहे. "हा कापूस किती पांढरा?" या प्रश्नाला कोणाचाही डोळा भरवशाचे उत्तर देऊ शकत नाही, पण "या दोहोंत अधिक पांढरा कोणता?" असे विचारले, आणि दोन्ही नमुने एकाच उजेडात शेजारी ठेवले, तर साध्या माणसाचा डोळासुद्धा आश्चर्यकारक अचूकतेने उत्तर देतो. या लेखातील बहुतेक सर्व गोष्टी याच एका वस्तुस्थितीच्या शाखा आहेत.

दृष्टिपटलावरून निघालेले वृत्त डोक्याच्या मागील भागातील दृष्टिकेंद्रात पोचते. तेथील पेशी विशिष्ट कलाच्या रेषांना आणि कडांना प्रतिसाद देतात हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५९ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी सिद्ध केले, व त्याबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथून वृत्ताचा एक ओघ कानाच्या बाजूस, शंखखंडाच्या तळाकडे जातो. वस्तू ओळखण्याचे काम मुख्यतः तेथे चालते. १९७२ साली चार्ल्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या मेंदूच्या या भागात अशी एक पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले की जी साध्या रेषांना दाद देत नसे, पण हाताच्या पंज्याच्या आकृतीला मात्र जोराने प्रतिसाद देत असे. पुढील संशोधनाने स्पष्ट झाले की या भागात कोणतीही वस्तू एका पेशीच्या हवाली केलेली नसते. असंख्य पेशींपैकी कोणत्या किती उद्दीपित झाल्या, या एकंदर जमाखर्चात ती वस्तू नोंदलेली असते. दोन वस्तूंनी उमटवलेले हे जमाखर्च जितके सारखे, तितक्या त्या वस्तू आपल्याला सारख्या भासतात.

आता प्रश्न असा की, माणसाची कवटी न उघडता दोन वस्तूंमधील हे मानसिक अंतर मोजावे कसे? बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. पी. अरुण आणि त्यांचे सहकारी यांनी याचे एक सुंदर व सोपे उत्तर काढले. पडद्यावर एकसारख्या अनेक आकृती दाखवायच्या, त्यांत एकच निराळी ठेवायची, आणि ती शोधून काढण्यास पाहणाऱ्याला किती वेळ लागतो ते नोंदवायचे. निराळी आकृती फार वेगळी असेल तर ती क्षणार्धात सापडते. बाकीच्यांशी मिळतीजुळती असेल तर शोध लांबतो. या वेळेचा व्यस्त घेतला, म्हणजे एकास त्या वेळेने भागले, की जी संख्या मिळते ती त्या दोन वस्तूंमधील दृश्य अंतर मानता येते. आणि हे अंतर गणिताच्या अंतरासारखेच शिस्तीने वागते असे त्यांना २०१२ च्या सुमारास आढळून आले. विशेष म्हणजे वस्तू दोन गुणांत भिन्न असतील तर त्या गुणांचे भेद बहुतांशी साध्या बेरजेने एकत्र येतात. कापसाच्या भाषेत मांडायचे तर रंगातील दोष आणि कचऱ्यातील दोष यांचा मेंदू वेगवेगळा हिशेब ठेवतो आणि शेवटी बेरीज मारतो, असे म्हणण्यास या संशोधनाने आधार मिळतो.

अशा शोधाचे प्रत्यक्ष उदाहरण भातकुलीच्या शिवारात दर हंगामात पाहावयास सापडते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस उद्ध्वस्त केल्यापासून कृषी खाते शेतकऱ्यांना फुलोऱ्याच्या काळात डोमकळ्या शोधून नष्ट करण्यास सांगत आले आहे. अळी कळीत शिरली की पाकळ्या आपल्या रेशमासारख्या धाग्याने आतून बांधून टाकते, त्यामुळे फूल पुरते उमलत नाही आणि गुलाबाच्या अर्धवट उघडलेल्या कळीसारखे पिळवटून राहते, हीच डोमकळी. निरोगी फुले सगळी सारखीच असती तर ही कळी शेताच्या बांधावरूनही नजरेत भरली असती. परंतु कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, उमललेले असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटू लागते; एकाच झाडावर दोन्ही रंगांची, दोन्ही घडणींची फुले असतात. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० साली दाखवले होते की निराळेपण एकाच गुणात असेल तर वस्तू आपसूक उसळून वर येते, मग भोवतीची गर्दी कितीही असो. पण ते दोन गुणांच्या संयोगात असेल तर डोळ्याला एकेक वस्तू तपासत जावे लागते, आणि गर्दीच्या प्रमाणात वेळ वाढत जातो. डोमकळीचा शोध हा या दुसऱ्या जातीचा शोध आहे, म्हणून तो नवख्याला कंटाळवाणा होतो. ट्रीझमन यांनीच पुढे आणखी एक बाब नजरेस आणली: साध्या वर्तुळांच्या गर्दीत शेपटी असलेले एक वर्तुळ पटकन सापडते, पण शेपटीवाल्यांच्या गर्दीत बिनशेपटीचे एक शोधायला कितीतरी अधिक वेळ लागतो. खूण असणे दिसते, खूण नसणे दिसत नाही. स्वच्छ कापसात चार कवड्या आल्या की साऱ्या गाडीचा भाव का घसरतो, याचे निम्मे कारण या विषमतेत आहे.

आतापर्यंत अनेकांतून एक शोधण्याची गोष्ट झाली. दोन वस्तू समोर ठेवून त्या एकच की भिन्न, हे मेंदू कसे ठरवतो हा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण त्यात शोधण्यासारखी कोणतीही ठरावीक खूण नसते. कोणत्याही दोन वस्तू येऊ शकतात. बेंगळूरच्याच प्रयोगशाळेने अलीकडे याचे एक उत्तर मांडले आहे, आणि ते समजण्यासाठी जिनिंगमधील मिसळीचा दाखला पुरेसा आहे. दोन गाड्यांचा कापूस एकत्र मिसळला आणि दोन्ही गाड्यांचा माल एकाच जातीचा असला तर मिसळीत त्या जातीचे ठळकपण कायम राहते. माल भिन्न जातींचा असला तर मिसळ ना धड इकडची, ना धड तिकडची, अशी मध्यम होते. शंखखंडातील पेशींचेही असेच. दोन वस्तू एकदम दिसल्या की त्यांचा प्रतिसाद हा साधारणपणे प्रत्येक वस्तूला वेगवेगळ्या मिळणाऱ्या प्रतिसादांच्या सरासरीइतका असतो, हे माकडांवरील प्रयोगांत पूर्वीच दिसून आले होते. वस्तू सारख्या असल्या तर सरासरी त्या वस्तूच्याच जागी राहते, म्हणजे सर्व वस्तूंच्या सामान्य मध्यापासून दूर. भिन्न असल्या तर सरासरी त्या मध्याकडे सरकते. तेव्हा प्रतिसाद मध्यापासून किती दूर आहे एवढे पाहिले की 'एकच' की 'भिन्न' हा निकाल देता येतो. दोन्ही वस्तूंचे तपशील एकेक करून जुळवत बसण्याची गरज उरत नाही. माणसांच्या मेंदूच्या चुंबकीय आलेखनात, वस्तू ओळखणाऱ्या प्रदेशाच्या किंचित पुढे, हे मूल्य दर्शवणारा भाग त्यांना आढळला.

एवढी चतुर यंत्रणा असूनही तिच्यावर काही मर्यादा आहेत. डोळ्याचे तीक्ष्ण दर्शन दृष्टीच्या मध्यावरील अगदी लहान क्षेत्रापुरते असते; हात लांब करून अंगठ्याचे नख पाहिले तर तेवढ्याच क्षेत्राचा तपशील स्पष्ट दिसतो, बाकीचे दृश्य डोळ्याच्या सेकंदागणिक होणाऱ्या तीन-चार हालचालींतून मेंदू सांधून घेतो. दोन नमुने दूर असले तर एकाची आठवण ठेवूनच दुसऱ्याकडे पाहावे लागते, आणि ही तात्पुरती दृश्यस्मृती मोठी तोकडी आहे: स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ साली दाखवल्याप्रमाणे तिच्यात एका वेळी चारेक वस्तूच मावतात. सकाळी पाहिलेल्या गाडीशी दुपारची गाडी 'मनाने' ताडून पाहणारा ग्रेडर वस्तुतः आठवणीच्या पुसट नकलेशी ताडून पाहत असतो. त्यात उजेडाची भर पडते. सूर्यप्रकाशातला पांढरा सदरा दिव्याच्या पिवळ्या उजेडातही आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू उजेडाचा रंग अंदाजाने वजा करून टाकतो. रोजच्या जीवनात ही वजाबाकी वरदान आहे. पण फिकट पिवळेपणा हाच जेथे भावाचा प्रश्न असतो तेथे ती घात करते, कारण पिवळेपण कापसाचे किती आणि बल्बचे किती याचा निवाडा मेंदूला करता येत नाही. कापसाची पारख करणाऱ्या जाणत्या पेढ्यांनी पूर्वीपासून उत्तरेकडच्या उजेडाची दालने पसंत केली ती याचसाठी. आपल्याकडे कापसाच्या हंगामात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो.

मग अनुभवी डोळा आणि नवखा डोळा यांत फरक कोणता? अनुभवाने डोळ्याचे भिंग सुधारत नाही. सुधारते ती कोठे पाहावे याची जाण. कोंबडीच्या एका दिवसाच्या पिलांतून नर-मादी वेगळे करणारे कसबी लोक वर्षानुवर्षांच्या सरावाने हे काम शिकतात, आणि कसे ओळखता असे विचारले तर त्यांना सांगताही येत नाही. १९८७ साली अर्विंग बीडरमन आणि मार्गारेट शिफ्रार यांनी एका जाणकाराच्या मदतीने कोणत्या अवयवाच्या कोणत्या घाटाकडे पाहावे हे एका पानावर लिहून काढले, आणि ते पान वाचून अगदी अनभिज्ञ माणसेही छायाचित्रांवरून जाणकारांच्या तोडीची उत्तरे देऊ लागली. वाचनाचेही असेच आहे. अरुण यांच्या गटाने तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांना दोन्ही लिप्यांतील अक्षरजोड्या शोधावयास देऊन तपासले, तेव्हा असे निष्पन्न झाले की जी लिपी वाचता येते तिच्यातील अक्षरे माणूस अधिक स्पष्टपणे वेगळी पाहतो. आणि सरावाने अक्षरे एकमेकांत विरघळून शब्दाचे एकच चित्र बनत असावे ही सामान्य कल्पना चुकीची ठरून, उलट शेजारच्या अक्षरांची एकमेकांतील लुडबूड कमी होते. मुरलेल्या ग्रेडरला रंग, कचरा आणि धागा हे तिन्ही गुण एकमेकांवर सावली न पाडता स्वतंत्रपणे दिसत असावेत, असा तर्क यावरून करण्यास हरकत नाही.

ग्रेडर डोळ्याबरोबर हातही वापरतो, आणि हाताने जाणलेले व डोळ्याने पाहिलेले यांची सांगड जन्मजात असते काय, हा तत्त्वज्ञांचा जुना वाद आहे. विल्यम मॉलिन्यू या आयरिश गृहस्थाने १६८८ साली जॉन लॉकला विचारले होते की जन्मांध माणसाला एकाएकी दृष्टी आली तर स्पर्शाने परिचित असलेले गोल आणि घन तो केवळ पाहून ओळखू शकेल काय? या प्रश्नाचा प्रत्यक्ष निकाल भारतात लागला. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मतः आंधळ्या, पण शस्त्रक्रियेने बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलांवर दिल्लीत उपचार झाले. त्यांपैकी पाच मुलांच्या तपासणीचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर लगेच ही मुले पाहिलेली वस्तू पाहिलेल्या वस्तूशी बरोबर जुळवत, चाचपलेली वस्तू चाचपलेल्या वस्तूशीही जुळवत. परंतु चाचपलेली वस्तू पाहून ओळखताना त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाच्या आसपास राहत. ही सांगड मग थोड्याच दिवसांत जमू लागली. हात आणि डोळा यांचा एकमेकांना दाखला मिळतो तो अनुभवाच्या शाळेत, आणि ती शाळा उशिरा सुरू झाली तरी चालते.

मेंदूतील तुलनेची ही खाती किती स्वतंत्र आहेत याचा एक करुण पण उद्बोधक पुरावा १९९३ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा होऊन माणसांचे चेहरे ओळखण्याची शक्ती गमावलेल्या एका गृहस्थाने पुढे मेंढ्या पाळल्या, आणि पत्नीचा किंवा मित्राचा चेहरा न ओळखणारा हा माणूस आपल्या कळपातील मेंढ्या मात्र तोंडावरून ओळखू लागला. त्याहून आधी, १९६९ साली, इस्रायलमधील एका शेतकऱ्याबाबत याच्या उलट प्रकार नोंदला गेला होता: माणसांच्या चेहऱ्यांबरोबर स्वतःच्या गाईंचे चेहरेही त्याला परके झाले होते. आपल्या गावच्या गुराख्याला शंभर गुरांतून कोणाची गाय कोणती हे सहज कळते, त्या सहजपणामागे केवढी कचेरी अहोरात्र राबत असते याची यावरून कल्पना यावी.

कापसाच्या बाजारात आता यंत्रे आली आहेत. धाग्याची लांबी, बळकटी, जाडी आणि रंग मोजणारी उपकरणे मोठ्या व्यापारात रूढ झाली आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००० सालापासून रंगाची प्रत डोळ्याऐवजी यंत्राने ठरवण्यास आरंभ केला. यंत्र निरपेक्ष मोजते, शेजारच्या गाडीने फसत नाही, संध्याकाळी थकत नाही. तथापि गावाजवळच्या खरेदी केंद्रावर, गाड्यांच्या रांगेत, सरकीसह आलेल्या कच्च्या कापसाची पहिली पारख आजही बहुतेक ठिकाणी माणसाच्याच नजरेने होते, आणि ती पुढेही काही काळ तशीच होत राहील. म्हणून प्रश्न नजर काढून टाकण्याचा नाही. तिच्या स्वभावाला साजेशी व्यवस्था तिला लावून देण्याचा आहे. मेंदू मोजण्यात कच्चा आणि ताडून पाहण्यात पक्का आहे हे एकदा मान्य केले, की पुढची तजवीज फारशी खर्चाची राहत नाही.

तेव्हा बाजार समित्यांच्या संचालकांना आणि खरेदी केंद्रांच्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की, प्रत्येक प्रतीचे प्रमाणित नमुने पेटीत भरून प्रतवारीच्या टेबलावर उघडे ठेवावेत, हंगामाच्या मध्यावर ते जुने होऊन पिवळे पडतात म्हणून बदलावेत, आणि प्रत आठवणीशी किंवा मागच्या गाडीशी न ताडता त्या नमुन्याशी, दिवसाच्या उजेडात, शेतकऱ्यासमक्ष ताडून ठरावी. शेतकऱ्यांना सांगणे असे की पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या वेचणीचा कापूस एकाच ढिगात लोटू नये; फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचा, व कवडीचा माल वेगळा बांधावा, कारण चार कवड्या चांगल्या मालात मिसळल्याने कवडीला चांगल्याचा भाव मिळत नाही, चांगल्याला कवडीचा मिळतो. आणि ग्रेडरने प्रत सांगितल्यावर ती कोणत्या नमुन्याशी ताडली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गाडीवाल्याला आहे. तो त्याने बजावावा.